आजी ‘पडली’, पण एक्स-रे काय म्हणतो?

‘बाथरूममध्ये पाय घसरला.’ म्हातारं माणूस हाड मोडून दवाखान्यात आलं की बहुतेक वेळा हेच कारण सांगितलं जातं, आणि अनेकदा ते खरंही असतं. पण सांगणारा असतो सोबतचा नातेवाईक. आजी गप्प बसली, तर तिच्या बाजूने बोलायला उरतो फक्त एक्स-रे.

तो बोलतो कसा? पडताना आपण हात जमिनीवर टेकतो, म्हणून हाड मनगटाजवळ मोडतं. नाहीतर खुबा जातो. पण कुणी काठी उगारली, तर हात आपोआप चेहऱ्यासमोर आडवा येतो. घाव बसतो कोपर आणि मनगट यांच्या मधल्या, करंगळीच्या बाजूच्या हाडावर. फक्त तेवढंच हाड मध्येच मोडलेलं दिसलं, तर डॉक्टरांनी थांबून विचारायला हवं. दुसरी खूण वेळेची. जुळणाऱ्या हाडाभोवती नवं हाड धरतं आणि ते एक्स-रेत दिसायला काही आठवडे लागतात. ‘कालच पडली’ म्हणतात, पण बरगडीची दोन फ्रॅक्चर जुळत आलेली दिसतात? मग हिशोब चुकतोय.

लहान मुलांच्या बाबतीत हा धागा अमेरिकेतले डॉ. जॉन कॅफी यांनी १९४६ मध्येच पकडला होता. ज्येष्ठांवरचा अभ्यास मात्र अलीकडचा. न्यूयॉर्कच्या डॉ. टोनी रोझेन यांच्या गटाने २०२० मध्ये कोर्टात सिद्ध झालेल्या मारहाणीच्या ७८ केसेस आणि अपघाताने पडलेले ७८ ज्येष्ठ यांची तुलना केली. चेहरा, दात किंवा मानेला इजा मारहाणीत ६७ टक्के, पडण्यात २८ टक्के. फ्रॅक्चर मात्र उलट: ८ आणि २२ टक्के. म्हणजे एक्स-रे क्लीन आला म्हणून सगळं ठीक, असं नाही!

दुसरी बाजूही आहे. उतारवयात हाडं ठिसूळ होतात, साध्या धक्क्यानेही मोडतात. त्यामुळे एक्स-रे हा निकाल नाही, तो प्रश्न आहे. तो विचारायचा आजीला, तेही एकटीला.

बारामतीत २०१९ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. उद्याचे डॉक्टर इथेच फिल्म वाचायला शिकतायत. पण पुढची वाट सगळ्यांनाच माहीत हवी. मारहाण असेल तर पोलीस. मुलं सांभाळत नसतील तर २००७ च्या कायद्याने प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज. बारामती आणि इंदापूर, दोन्ही तालुक्यांचं प्रांत कार्यालय बारामतीत आहे. वकील लागत नाही. ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन १४५६७.

आणि आपल्यासाठी एक गोष्ट. आजी-आजोबांना घेऊन दवाखान्यात गेलात आणि डॉक्टरांनी ‘कशा पडलात?’ विचारलं, तर उत्तर त्यांनाच देऊ द्या. ‘जरा बाहेर थांबा’ म्हणाले, तर राग मानू नका. बाहेर थांबा.