शिवोलीतले चार ट्रॅक

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एक गोमंतकीय गायक मुंबईतल्या रेकॉर्ड कंपन्यांचे उंबरठे झिजवत होता आणि प्रत्येक दारातून नकार घेऊन परतत होता. रेमो फर्नांडिस त्याचे नाव. घर बार्देशातल्या शिवोलीत. मुंबईत वास्तुकला शिकताना ‘सॅव्हेजेस’ या बँडमध्ये वाजवलेले, पुढे युरोप आणि उत्तर आफ्रिका मिळेल त्या गाडीला हात दाखवत पालथी घातलेली. गाणी स्वतःची, इंग्रजी, आणि विषय गोव्याचे. हिंदी चित्रपटगीतांच्या बाजारात त्यांना गिऱ्हाईक कोण?

तमाशाला निदान ठरलेला बाजार असतो. जुन्नर तालुक्यातल्या निमगाव सावासारख्या गावाला यात्रेचा तमाशा ठरवायचा असला, की कारभारी नारायणगावला तमाशा फडांच्या राहुट्या गाठतात, सुपारी देतात, तारीख पक्की होते. रेमोंच्या गाण्यांसाठी अशी एकही राहुटी कुठे उभी नव्हती.

मग बाजाराचा नाद सोडून त्यांनी घरातच ठाण मांडले. हाताशी होते कॅसेटवर चार ट्रॅक मुद्रित करणारे एक छोटे यंत्र. साध्या कॅसेटच्या दोन बाजूंना दोन-दोन ट्रॅक असतात. हे यंत्र चारही एकाच दिशेने वापरते. एकावर गिटार, दुसऱ्यावर ताल, तिसऱ्यावर आवाज. चारांत सगळे मावेना, की तिन्ही मिसळून चौथ्यावर उतरवायचे, पहिले तीन पुसायचे आणि त्यांवर नवे भरायचे. यातली मेख अशी, की पुसलेले परत मिळत नाही. मिसळताना बासरी दबली तर ती दबलेलीच राहते, आणि प्रत्येक फेरीला फितीची सरसर वाढत जाते. असल्या जुगारात माणूस एक तर वैतागतो, नाही तर पक्का कारागीर होतो.

रेमो कारागीर झाले. आणि इथेच त्यांना खरा शोध लागला: स्टुडिओ, वादक, कंपनी, विक्रेता ही सगळी माणसे एकाच माणसात बसू शकतात! वाद्ये त्यांनीच वाजवली, सगळे आवाज त्यांनीच दिले, वेष्टनही त्यांनीच रेखाटले. 1984 मध्ये ‘गोवन क्रेझी’ ही कॅसेट तयार झाली आणि पिवळ्या स्कूटरवरून दुकानोदुकानी पोहोचली. पोहोचवणारा अर्थात गायकच. गोव्याने ती उचलून धरली.

पण पहिल्या यशात नवलाईचा वाटा किती आणि गाण्याचा किती, हे दुसऱ्या खेपेलाच कळते. पुढच्या वर्षी गोव्याच्या जुन्या गाण्यांची ‘ओल्ड गोवन गोल्ड’ येऊन गेली. तिथे निदान ओळखीच्या चालींचा आधार होता. स्वतःच्या गाण्यांची दुसरी परीक्षा 1986 मध्ये ‘पॅक दॅट स्मॅक’ने घेतली. या वेळी विषय निवडला तो अमली पदार्थांचा! गोव्याच्या किनाऱ्यांवर गर्द हिंडत असताना त्याविरुद्ध पॉप गाणे करायचे, म्हणजे नाचायला आलेल्याला मध्येच थांबवायचे. माझ्या मते रेमोंचे खरे धाडस यंत्रापेक्षा या निवडीत दिसते. ‘गोवन क्रेझी’चा खट्याळपणा पुन्हा विकणे कितीतरी सोपे होते.

याच काळात पंतप्रधानांसमोर सादर केलेल्या ‘हॅलो राजीव गांधी’ या गाण्याने वादळ उठवले. देशाच्या पंतप्रधानांना गाण्यातून असे नावाने हाक मारणे स्थानिक वृत्तपत्रांना उद्धटपणाचे वाटले आणि टीकेची झोड उठली. दुसरा कोणी असता तर खुलासे करत बसला असता. रेमोंनी ती कात्रणे आणि गाण्याचे शब्द थेट दिल्लीला धाडले. उलटटपाली राजीव गांधींचे पत्र आले: कार्यक्रम आवडला. वादळ शमले.

1987 मध्ये ‘जलवा’ या हिंदी चित्रपटाच्या शीर्षकगीतातून हाच आवाज देशभर घुमला. त्याच वर्षी रेमोंची नवी कॅसेट बाजारात आली. तिचे नाव होते ‘बॉम्बे सिटी’.