सायकलची मूठ आणि मुलाचे पोट

बारा वर्षांचा एक मुलगा गिअरच्या सायकलवरून उतारावर पडला. हँडलचे टोक पोटात बसले. वरून दिसत होता तो रुपयाएवढा काळानिळा डाग. रात्री उलट्या सुरू झाल्या, तेव्हा वडील त्याला माझ्याकडे घेऊन आले. सोनोग्राफीत प्लीहेला इजा निघाली. वेळेवर उपचार मिळाले म्हणून मुलगा बचावला. नंतर सायकल पाहिली, तर एका बाजूची रबरी मूठ फाटून लोखंडी नळी उघडी पडली होती.

अशा माराने प्लीहा, यकृत, स्वादुपिंड किंवा आतडे फाटू शकते. लक्षणे कधी काही तासांनी, तर कधी दुसऱ्या दिवशी दिसतात. पोटदुखी, उलटी, चक्कर किंवा डाव्या खांद्यात दुखणे यांपैकी काहीही असल्यास घरी गोळी देऊन वाट पाहू नये. मुलाला तडक रुग्णालयात न्यावे.

खडबडीत रस्त्यावरून सायकल आली की पाच मिनिटे तिच्यासाठी काढावीत.

१. मुठींची टोके झाकलेली आहेत ना, ते पाहावे.

२. पुढचा व मागचा ब्रेक वेगवेगळा दाबून सायकल ढकलावी. त्या बाजूचे चाक फिरता कामा नये.

३. पुढचे चाक गुडघ्यांत धरून हँडल वळवावे. ते सैल असल्यास, तसेच चाकांचे नट ढिले असल्यास आवळावेत.

४. टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत हवा भरावी.

५. चेन पुसून थोडे तेल द्यावे. रिमला किंवा डिस्कला तेल लागल्यास ब्रेक घसरतो.

मूठ बदलण्याचा खर्च किरकोळ आहे. तो उद्यावर ढकलू नये.