मध कोणत्या फुलाचा?

आंबा घेताना हापूस की पायरी, हे आपण विचारतोच. मधाची मात्र नुसती ‘एक बाटली द्या’ म्हणून बोळवण! फूल बदललं की मधाचा रंग, वास, चव सगळंच बदलतं.

महाबळेश्वरचा जांभळीचा मध घ्या. गडद रंग, आधी गोडवा आणि मग जिभेवर रेंगाळणारी तुरट-कडवट चव. तो दुधात घालून वाया घालवू नये, बोटाने चाटावा. कारवीचा मध मिळायला तर नशीबच लागतं. हे झुडूप सात-आठ वर्षांतून एकदाच फुलतं. तेव्हा डोंगरउतार जांभळे होतात आणि पेट्यांत दाट, तांबूस मध भरतो. महाबळेश्वर तालुक्यातलंच मांघर २०२२ साली देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ झालं.

उत्तरेकडचा मोहरीचा मध लवकर थिजतो आणि पांढुरका, रवाळ होतो. रवा धरला म्हणजे साखर मिसळली, हा निव्वळ गैरसमज. ज्या मधात ग्लुकोज जास्त, तो आधी थिजणार. बाटली कोमट पाण्यात ठेवली की झालं. गॅसवर मात्र तापवू नका, सुगंध उडून जातो.

मुझफ्फरपूरचा लिचीचा मध फिका आणि घमघमीत. सुंदरबनात खारफुटीतल्या खोलशीच्या फुलांचा मध आग्या माश्या गोळा करतात. या माश्या पेटीत नांदत नाहीत, म्हणून मध काढणारे मौले वाघाच्या जंगलात शिरतात. त्या मधाची किंमत करताना एवढं लक्षात असू द्यावं.

तुर्कस्तानात काळ्या समुद्राकाठी ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलांपासून चक्क झिंग आणणारा, विषारी मध होतो. इ.स.पू. ४०१ मध्ये झेनोफनच्या ग्रीक सैनिकांनी त्या भागातला मध खाल्ला आणि ओकाऱ्या होऊन सगळे आडवे झाले. उठून उभं राहायला तीन-चार दिवस लागले!

फुलाशिवायही मध होतो, बरं का. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये झाडांचा रस शोषणारे किडे गोड द्राव सोडतात, माश्या तोच उचलतात. हा मध काळपट आणि कमी गोड असतो.

वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र कुठलाच मध चाटवू नका. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. बाकीच्यांनी पुढची बाटली घेताना फूल कोणतं आणि हंगाम कोणता, एवढं जरूर विचारा. पेट्या स्वतः सांभाळणारा माणूस आनंदाने सांगेल.