जुन्या ओम्नीचा जीर्णोद्धार

बेंगळुरूच्या शिवाजीनगरात सुट्या भागांच्या दुकानी, आपल्या जुन्या ओम्नीत निजण्याची सोय करू इच्छिणारे एक गृहस्थ परवा भेटले. त्यांना जे सांगितले, तेच येथे मांडतो.

१९८४ पासून २०१९ पर्यंत निघालेल्या या मारुतीचे ७९६ सीसीचे इंजिन पुढच्या आसनांखाली असल्याने मागची जागा मोकळी मिळते. परंतु रबरी मॅट उचलताच सरकत्या दाराच्या खाचेत ओला चिखल आणि त्याखाली पापुद्रे सुटलेला पत्रा बहुधा दृष्टीस पडतो, म्हणून फळ्या ठोकण्यापूर्वी तो खरवडून गंजरोधक लेप द्यावा व आसनांखाली उष्णतारोधक आवरणाचा बंदोबस्त करावा.

दिव्या-पंख्यासाठी घेतलेली लिथियम बॅटरी जुन्या अल्टरनेटरला थेट जोडू नये; रिकामी असताना ती इतका प्रवाह ओढते की अल्टरनेटर अतितप्त होऊन निकामी होण्याचे भय असते, यास्तव मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर व बॅटरीलगत फ्यूज हवाच.

दस्तऐवजांची हयगय मला मुळीच मान्य नाही. मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ रचनेतील फेरफारांवर निर्बंध घालते, तेव्हा पत्रा कापण्याआधी आरटीओत खातरजमा करावी. नोंदणीची १५ वर्षांची मुदत उलटली असल्यास नूतनीकरण आधी, सुतारकाम मागाहून.