वारशातील नामाच्छादन

एखादे नाम नेमक्या कोणत्या वस्तूचा निर्देश करते, हा जसा भाषाशास्त्रातील तसाच संगणकीय भाषांतीलही मूलभूत प्रश्न होय. ब्यार्ने स्ट्रूस्ट्रुप यांनी १९७९ साली बेल लॅबोरेटरीज येथे जिच्या रचनेस आरंभ केला, त्या सी प्लस प्लस भाषेने या प्रश्नास दिलेले उत्तर प्रथमदर्शनी विपरीत वाटते. म्हणून ते सोदाहरण तपासणे इष्ट ठरेल.

या भाषेत एकाच वर्गात एका नामाची अनेक फंक्शने असू शकतात. प्राचलांच्या प्रकारांवरून त्यांतील योग्य ते निवडले जाते. शिवाय मूळ वर्गातील फंक्शने साधित वर्गास वारशाने प्राप्त होतात. यावरून दोन्ही वर्गांतील समनामी फंक्शने एकाच पंक्तीस बसतील, असे अनुमान होते. वस्तुतः तसे घडत नाही. समजा, मूळ वर्गातील ‘नोंद’ हे फंक्शन दशांश संख्या घेते आणि साधित वर्गातील ‘नोंद’ पूर्णांक घेते. साधित वर्गाच्या वस्तूवर ७.९ देऊन ‘नोंद’ला पाचारण केल्यास मूळ वर्गातील यथायोग्य फंक्शन विचारातच घेतले जात नाही. साधित वर्गातील फंक्शन चालते व ७.९ चे ७ होतात. कंपायलर फार तर इशारा देईल. नियमभंग मात्र झालेला नसतो.

याचे कारण क्रमात आहे. नामाचा शोध आधी, प्राचलांची तुलना नंतर. शोध साधित वर्गापासून सुरू होतो आणि नाम जेथे प्रथम आढळते तेथेच थांबतो. बाहेरच्या व्याप्तीतील त्याच नामाची सर्व फंक्शने आच्छादिली जातात.

पाणिनीय व्याकरणातील उत्सर्ग व अपवाद यांच्याशी तुलना येथे उद्बोधक ठरते. अपत्यार्थी ‘अण्’ हा सामान्य प्रत्यय. अकारान्त शब्दांपुरता ‘इञ्’ त्याचा बाध करतो. ‘दशरथ’पासून ‘दाशरथि’ होते. परंतु त्यामुळे ‘उपगु’पासून ‘औपगव’ होण्यास प्रत्यवाय येत नाही. अपवाद आपल्या क्षेत्रापुरताच बलवान असतो. उलट, नामाच्छादन प्राचलांचे क्षेत्र पाहतच नाही. ते समग्र नामाचाच बाध करते.

मग असा नियम का स्वीकारावा? मूळ वर्गाचा कर्ता व साधित वर्गाचा कर्ता पुष्कळदा भिन्न असतात. पहिल्याने उद्या समनामी नवे फंक्शन घातले आणि ते अधिक जुळणारे निघाले, तर दुसऱ्याच्या जुन्या आज्ञावलीचा अर्थ त्याच्या नकळत पालटेल. आच्छादन या संकटास प्रतिबंध करते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या जावा भाषेने मात्र वारशाने आलेल्या फंक्शनांनाही निवडीत स्थान दिले.

आच्छादन म्हणजे विनाश नव्हे. मूळ वर्गाचे नाव जोडून आच्छादित फंक्शनास पाचारण करता येते. ‘यूझिंग’ घोषणेने ते नाम साधित वर्गाच्या व्याप्तीत आणले की निवड पूर्ववत् होते आणि ७.९ ही संख्या अबाधित राहते. मूळ फंक्शनाच्या जागी नवे ठेवण्याचा हेतू असता प्राचल चुकल्यास केवळ आच्छादनच घडते. तो प्रमाद उघड व्हावा म्हणून २०११ च्या प्रमाणात ‘ओव्हरराइड’ हा निर्देशक आला. तात्पर्य, वारसा फंक्शनांचा मिळतो. नामाचा अधिकार मात्र निकटच्या व्याप्तीकडेच राहतो.