टीव्हीवरचा पाऊस आणि तुमची उधारी

व्हिडिओत हा मुद्दा घाईत उरकला, म्हणून इथं लिहितोय.

टीव्हीवरचं हवामान आता किती देखणं झालंय बघा. स्टुडिओतच ढग गडगडतात, नकाशा गरगर फिरतो. पण तुमचं लोह्यात बियाण्याचं दुकान असेल, तर त्यातून तुम्हाला काय कळतं? नांदेड जिल्हा केशरी दिसला, की आपण म्हणतो, आज पाऊस पक्का. तिथंच फसतो. केशरी म्हणजे फक्त 'तयार राहा'. शिवाय रंग अख्ख्या जिल्ह्याला, १६ तालुक्यांना एकच. किनवट कुठं, लोहा कुठं!

हवामान खात्याच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी' म्हणजे जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस. हा एक शब्द पडद्यावर ठळक दाखवला असता, तर निम्म्या ग्राफिक्सची गरजच नव्हती.

कृषी विभाग सांगतो, ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. मग रंग बघून उधारीवर बॅगा कशाला देता? दुबार पेरणी आली, की शेतकऱ्याचं बियाणंही जातं अन् तुमची वसुलीही. त्यापेक्षा महारेनच्या संकेतस्थळावर आपल्या महसूल मंडळाचा रोजचा आकडा बघा. गिऱ्हाईकाला विचारा, "दादा, रानात ओल किती खोल गेली?"