दीड मिलिमीटरचा हिशेब : घरी बनवायच्या सीएनसी प्लाझ्मा टेबलाबद्दलचे गैरसमज

तालुक्याच्या गावातल्या फॅब्रिकेशन शेडमध्ये आजही बराचसा पत्रा ग्राइंडरने नाहीतर गॅसने कापला जातो. गेटवरची नक्षी असो, ट्रॉलीच्या गसेट प्लेट असोत की खांबाखालच्या बेस प्लेट असोत, आधी खडूने आखायचं, मग हाताने कापायचं आणि उरलेला वेळ कडा घासण्यात घालवायचा. म्हणूनच आपलं आपण सीएनसी प्लाझ्मा टेबल उभं करावं, हा विचार अनेक कारागिरांच्या मनात येतो. विचार उत्तम आहे आणि आवाक्यातलाही आहे. चौरस पाइप, स्टेपर मोटर, रॅक-पिनियन, कंट्रोल बोर्ड हे सगळं सुटं मिळतं आणि वेल्डिंग तर हातातलंच असतं. अडचण होते ती अर्धवट माहितीमुळे. सगळा पैसा आणि मेहनत सांगाड्यावर खर्च होते आणि कट ज्यावर अवलंबून असतो त्या गोष्टी शेवटी उरकल्या जातात.

कापताना टॉर्चचं टोक आणि पत्रा यांच्यात साधारण दीड मिलिमीटर अंतर असतं. हे अंतर राखणं आणि त्यातला आर्क स्थिर ठेवणं, हेच या यंत्राचं खरं काम आहे. पुढचे सगळे गैरसमज या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने तयार होतात.

गैरसमज १ : प्लाझ्मा म्हणजे गॅस कटिंगचाच वेगवान प्रकार.

वस्तुस्थिती : दोन्हींचं तत्त्व वेगळं आहे. गॅस कटिंगमध्ये तापलेलं लोखंड ऑक्सिजनच्या झोतात अक्षरशः जळतं. स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियम यांवर चिवट ऑक्साइडचा थर तयार होतो, म्हणून ते गॅसने नीट कापता येत नाहीत. नेमकी हीच अडचण सोडवायला अमेरिकेतल्या युनियन कार्बाइड कंपनीत प्लाझ्मा टॉर्च विकसित झाली. रॉबर्ट गेज यांना तिचं पेटंट १९५७ साली मिळालं. यात नोझलच्या बारीक छिद्रातून जाणारी हवा विजेच्या आर्कमुळे प्लाझ्मा होते. तिचं तापमान वीस हजार अंश सेल्सिअसच्या घरात जातं. ती धातू वितळवते आणि त्याच झोताने खाली उडवून देते.

वीज इलेक्ट्रोडमधून थेट पत्र्यात जाते, त्यामुळे वीजवाहक धातूच कापता येतो. लाकूड किंवा ॲक्रिलिक नाही. अर्थ क्लॅम्पही रंग आणि गंज घासून उघड्या केलेल्या धातूवरच लावावा लागतो. खूप जाड एमएस प्लेटसाठी मात्र गॅस कटिंग आजही चांगलंच आहे.

गैरसमज २ : टेबल जितकं वजनदार, तितका कट चांगला.

वस्तुस्थिती : मिलिंगमध्ये टूल धातूवर दाब देतं, म्हणून तिथे वजन लागतं. प्लाझ्मा टॉर्च जॉबला टेकतच नाही. इथे झुंज असते ती वेगाशी. प्रत्येक कोपऱ्यावर गँट्रीला क्षणात थांबून दिशा बदलायची असते. गँट्री जड असेल तर ती हेलकावते आणि कोपऱ्यानंतरची रेघ लाटांसारखी येते. म्हणून खालची चौकट भक्कम ठेवावी आणि गँट्री हलकी पण ताठ ठेवावी.

वेल्डिंगने चौकट ओढली जाते, हे फॅब्रिकेटरला सांगायला नको. त्यामुळे रेल थेट वेल्ड न करता बोल्ट आणि शिमवर बसवावी. दोन्ही कर्ण मोजून चौकट गुण्यात आणावी. गँट्रीच्या दोन्ही बाजूंना एकेक मोटर द्यावी, नाहीतर एक बाजू मागे राहते आणि गोलाची अंडाकृती होते.

बॉल स्क्रू अचूक असतो, म्हणून तोच घ्यावा असंही सांगितलं जातं. पातळ पत्र्यासाठी मिनिटाला सहा मीटर वेग सहज लागतो. ५ मिमी पिचच्या स्क्रूला त्यासाठी मिनिटाला १२०० फेरे घ्यावे लागतात. एवढ्या फेऱ्यांना स्टेपर मोटरची ताकद बरीच घटते आणि लांब स्क्रू थरथरू लागतो. याउलट १ मॉड्यूलचं २० दातांचं पिनियन एका फेऱ्यात सुमारे ६२.८ मिमी पुढे जातं. त्याला पट्ट्याने तीनास एक असं रिडक्शन दिलं, तर त्याच वेगाला मोटर मिनिटाला तीनशेच्या आत फिरते. मोठ्या टेबलाला म्हणून रॅक-पिनियनच सोयीचं.

गैरसमज ३ : पत्रा सपाट असतो, उंची एकदा लावली की झालं.

वस्तुस्थिती : पत्रा कधीच पूर्ण सपाट नसतो आणि कापू लागल्यावर उष्णतेने तो आणखी उचलतो किंवा खचतो. दीड मिलिमीटरच्या हिशेबात दोन मिलिमीटरचा फुगवटा आला, तर नोझल पत्र्यावर घासणार. तेवढाच खड्डा आला, तर कड तिरपी होणार. यावरचा उपाय म्हणजे टॉर्च हाइट कंट्रोल.

त्याचं तत्त्व सोपं आहे. टॉर्च वर गेली की आर्क लांबतो आणि त्याचं व्होल्टेज वाढतं. खाली आली की घटतं. कंट्रोलर हे व्होल्टेज सतत वाचतो आणि झेड अक्ष वर-खाली करतो. हे व्होल्टेज शंभराच्या आगेमागे असतं, म्हणून ते थेट बोर्डाला देऊ नये. अनेक प्लाझ्मा मशिनमध्ये ५० भागिले १ असं कमी केलेलं आउटपुट तयार मिळतं. १२० व्होल्टचे तिथे २.४ व्होल्ट होतात.

हा कंट्रोल लावला म्हणजे काम संपलं असंही नाही. कोपऱ्यावर यंत्र मंदावतं, तिथे कटची फट रुंदावते आणि व्होल्टेज वाढतं. कंट्रोलरला वाटतं टॉर्च वर गेली, आणि तो तिला पत्र्यात घुसवतो. म्हणून वेग कमी होताच उंची गोठवण्याची सोय हवी. लहान छिद्रांतही तसंच करावं लागतं. शिवाय इलेक्ट्रोड झिजत जातो तसं त्याच व्होल्टेजला टॉर्च हळूहळू पत्र्याजवळ सरकते. अधूनमधून आकडा दुरुस्त करावा लागतो.

प्रत्येक छिद्र पाडण्याआधी टॉर्चने पत्र्याला हलकेच टेकून पृष्ठभाग शोधला पाहिजे. मग ती कापण्याच्या उंचीच्या सुमारे अडीचपट, म्हणजे ३.८ मिमीच्या आसपास उचलून पिअर्स करावं. पिअर्स खालून केलं तर उसळलेला रस नोझलवर बसतो. पिअर्सची जागाही टाकाऊ भागात घ्यावी आणि तिथून रेघेवर यावं.

कंट्रोलसाठी महागडं सॉफ्टवेअर लागतंच असं नाही. लिनक्ससीएनसी मोफत आहे आणि त्यात प्लाझ्मासाठी वेगळी तयार मांडणी आहे. अर्ड्युइनोवर चालणारं मूळ जीआरबीएल शिकायला छान आहे, पण त्यात उंचीचा कंट्रोल नसतो. तो वेगळा जोडावा लागतो.

गैरसमज ४ : हातात आहे तेच प्लाझ्मा मशिन टेबलाला जोडता येईल.

वस्तुस्थिती : स्वस्त मशिन बहुधा हाय फ्रिक्वेन्सीने आर्क पेटवतात. हाताने कापताना त्याचा त्रास होत नाही. पण त्या ठिणगीच्या विद्युत गोंधळाने कंट्रोल बोर्ड अडकतो, मोटर पायऱ्या चुकतात, कधी संगणकच बंद पडतो. टेबलासाठी ब्लो-बॅक प्रकारची टॉर्च घ्यावी. तिच्यात इलेक्ट्रोड आणि नोझल आधी टेकलेले असतात. हवेच्या दाबाने ते विलग होतात आणि आर्क पेटतो. तरीही शील्ड केलेल्या वायर वापराव्यात, टॉर्चची केबल सिग्नलच्या वायरींपासून दूर न्यावी आणि टेबलाला स्वतंत्र अर्थिंग द्यावं.

मशिनवर लिहिलेली जाडीही नीट वाचावी. पत्रा कसाबसा तुटतो ती जाडी वेगळी, कड स्वच्छ येते ती वेगळी आणि मधोमध पिअर्स करता येते ती त्याहून वेगळी. ड्यूटी सायकलही तशीच पाहावी. ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटंच कापणं. सीएनसी टेबल हातापेक्षा कितीतरी जास्त वेळ सलग कापतं.

विजेचा हिशेब आधीच करावा. ४५ अँपिअरचा आर्क १३० व्होल्टला चालला, तर नुसत्या आर्कलाच जवळजवळ ५.९ किलोवॅट लागतात. घरातला १६ अँपिअरचा पॉइंट ३.७ किलोवॅटच्या आसपास देतो. कंप्रेसर त्याहून वेगळा.

गैरसमज ५ : टाकी मोठी असली की कोणताही कंप्रेसर पुरतो.

वस्तुस्थिती : टाकी हवा साठवते, तयार करत नाही. ४५ अँपिअरच्या टॉर्चला सहा बारच्या आसपासच्या दाबाने मिनिटाला सुमारे १९० लिटर हवा सतत लागते. खरेदी करताना पिस्टनच्या विस्थापनाचा आकडा न धरता प्रत्यक्ष बाहेर मिळणारी हवा किती, ते विचारावं.

त्याहून महत्त्वाचा आहे कोरडेपणा. आपल्याकडच्या पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, हवेतलं पाणी दाबाखाली टाकीत साठतं आणि टॉर्चपर्यंत पोचतं. तांब्याच्या इलेक्ट्रोडच्या टोकाला हाफ्नियमचा छोटा ठिपका असतो. आर्क तिथूनच निघतो. ओलाव्याने आणि तेलाने तो झपाट्याने खचतो. नोझलचं छिद्र वेडंवाकडं होतं आणि कट एका बाजूला कलतो. त्यासाठी टाकीचं पाणी रोज काढावं, कंप्रेसरपासून टॉर्चपर्यंत लांब पाइप देऊन हवा थंड होऊ द्यावी आणि टॉर्चच्या आधी सिलिका जेलचा ड्रायर लावावा. दमट भागात रोजचं काम असेल, तर रेफ्रिजरेटेड ड्रायर घ्यावा.

गैरसमज ६ : कट खराब आला की अँपिअर वाढवायचे.

वस्तुस्थिती : कटची खालची कड काय सांगते, ते आधी वाचावं. जाड, हाताने ठोकताच पडणारा मळ चिकटला असेल, तर वेग कमी पडतोय. बारीक, कडक, ग्राइंडरशिवाय न निघणारी किनार असेल, तर वेग जास्त आहे. दोन्हींच्या मधला वेग शोधायचा.

दिशाही महत्त्वाची आहे. नोझलमधली हवा भोवऱ्यासारखी फिरते, त्यामुळे टॉर्च पुढे जाताना नेहमीच्या मांडणीत उजवी कड सरळ आणि डावी तिरपी येते. म्हणून बाहेरचा आकार घड्याळाच्या दिशेने आणि आतली छिद्रं उलट दिशेने कापावीत. कटची फट साधारण दीड मिलिमीटर रुंद असते; तेवढं माप सॉफ्टवेअरमध्ये भरपाई म्हणून द्यावं.

लेझरची अचूकता मात्र प्लाझ्माकडून मागू नये. पत्र्याच्या जाडीएवढी किंवा त्याहून लहान छिद्रं खाली निमुळती होतात. तिथे टॉर्चने खूण करून ड्रिल मारणं बरं. हवेतल्या नायट्रोजनने कड कठीणही होते, त्यामुळे टॅप अडकतो आणि वेल्डमध्ये छिद्रं राहतात. महत्त्वाच्या वेल्डआधी कड हलकी घासून घ्यावी.

गैरसमज ७ : खाली पाणी ठेवलं की टेबल सुरक्षित.

वस्तुस्थिती : पाणी बरीचशी धूळ धरतं आणि पत्रा थंड ठेवतं, पण धूर संपवत नाही. जीआय पत्र्यातल्या जस्ताच्या धुराने काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो. स्टेनलेसच्या धुरात कर्करोगकारक हेक्झाव्हॅलंट क्रोमियम असतं. त्यासाठी धूर बाहेर खेचणारी सोय आणि योग्य मास्क लागतोच.

सर्वांत मोठा धोका ॲल्युमिनियमचा आहे. त्याचे वितळलेले कण पाण्याशी अभिक्रिया करून हायड्रोजन तयार करतात. तो पत्र्याखाली कोंडतो आणि ठिणगीने स्फोट होऊ शकतो. घरच्या पाण्याच्या टेबलावर ॲल्युमिनियम कापूच नये. कोरड्यावर कापायचं, तरी त्याची भुकटी सहज पेटणारी असते. ती लोखंडाच्या धुळीत मिसळू देऊ नये.

आर्ककडे वेल्डिंगच्या काचेशिवाय पाहू नये. आर्क पेटण्याआधी टॉर्चवर २०० ते ३०० व्होल्ट किंवा त्याहून जास्त डीसी असतो. त्यामुळे नोझल बदलताना मशिन बंद करावं आणि हाताशी थेट वीज तोडणारं आपत्कालीन बटण ठेवावं.

टेबल बांधायला घेताना म्हणूनच सुरुवात उलट्या बाजूने करावी. आधी वीज आणि कोरडी हवा, मग ब्लो-बॅकचं मशिन, मग उंचीचा कंट्रोल, मग रेल आणि मोटर, आणि शेवटी चौकट. चौकट कारागीर कधीही दुरुस्त करू शकतो. ओली हवा आणि गोंधळलेला सिग्नल नंतर सापडत नाही. यंत्र उभं राहिलं की नक्षीच्या मागे न लागता टाकाऊ पत्र्यावर वेगवेगळ्या वेगाच्या सरळ रेघा कापाव्यात, त्यांवर खडूने वेग लिहावा आणि प्रत्येक जाडीसाठी तो तक्ता शेडच्या भिंतीवर लावावा. असं समजून बांधलेलं यंत्र कारागिराला स्वतः दुरुस्त करता येतं. छोट्या वर्कशॉपला त्याची गरज आहे आणि आपल्या कारागिरांमध्ये ते उभं करण्याची क्षमता नक्की आहे.